पालथी पट्टी

कोबिना आन्साला स्वतःच्याच मरणाची जाहिरात सापडली. तीही आईच्या घरावर, गुरुवारी सकाळी, पत्रा आणि भिंत जिथे मिळतात तिथली पट्टी उचकटताना.

पट्टीची खालची बाजू अंधारात राहिलेली, म्हणून तिच्यावरचं बरंचसं शाबूत होतं. वर ठळक अक्षरांत देवाघरी गेल्याची बातमी आणि खाली वीतभर फोटो. तेच रुंद कपाळ, पुढच्या दोन दातांत तीच फट, डावा कान तसाच उजव्यापेक्षा बाहेर आलेला. खांद्यावरून घेतलेलं कापड तेवढं परकं होतं. इतकं भारी कापड कोबिनाने जन्मात अंगावर घेतलं नव्हतं. त्याच्या हातातली पटाशी सुटली आणि पत्र्यावरून खडखडत खाली अंगणात पडली.

"मारतोस का मला?" खालून आईचा आवाज आला. "गळती थांबव म्हटलं होतं, हत्यारं पाड नव्हतं म्हटलं!"

एकसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली चाळीस छपरांवर गेलेली, आणि आज पहिल्यांदा त्याला शिडीवर भीती वाटली. त्याने दोन्ही हातांनी भिंत धरली आणि डोळे मिटून घेतले.

आमच्या सॉल्टपाँडमध्ये समुद्राचा वारा लोखंड खातो. आज ठोकलेला साधा खिळा पाच पावसाळ्यांत भुगा होतो. लोक मात्र छपराकडे बघतात ते रंगासाठी. लाल पत्रा झकास दिसला की झालं. मग पाऊस सुरू होतो, कोपऱ्यात ठिबकायला लागतं, की डांबराचा डबा घेऊन वर चढतात आणि दिसेल तिथे फासतात. पुढच्या वर्षी त्याच डांबरावर आणखी डांबर. कोबिनाला या डांबरवाल्यांचा मनापासून राग यायचा. "पत्रा गळत नाही रे बाबांनो, सांधा गळतो," तो सांगून सांगून थकला. भिंतीत खाच पाडायची, पट्टीचं एक टोक तिच्यात खोल सरकवायचं, वरून सिमेंट भरायचं आणि दुसरं टोक पत्र्यावर वीतभर वळवायचं. एवढ्यावर भागत नाही. दर वर्षी ईस्टर झालं की वर जाऊन पट्टीची कड अंगठ्याने उचलून बघायची. सिमेंट सुटलंय का, खिळ्याचं भोक मोठं झालंय का, खाली सुका पाला अडकून पाणी उलटं फिरतंय का. ठरलेली तीसेक घरं होती त्याची, आईचं घर मात्र ठिबकेपर्यंत राहूनच जायचं. पावसाच्या आधी खांद्यावर शिडी घेऊन तो गावभर हिंडायचा. उरलेलं वर्ष दारं, खिडक्या आणि शवपेट्या.

पेट्या तो चांगल्याच करायचा. त्यातली एक ओडुमच्या लाकडाची होती, ज्या लाकडाला वाळवीसुद्धा तोंड लावत नाही. चर्चच्या मंडळीतल्या कुणा ओळखीच्या म्हाताऱ्यासाठी म्हणून आईने त्याला ती फुकटात करायला लावली होती. त्या फळ्या त्याने स्वतःच्या दारासाठी जपून ठेवल्या होत्या. "आईच्या दानधर्मापायी माझं दार गेलं," असं तो पुढे कितीतरी वर्षं कुरकुरत होता, आणि त्याच्या घराला आजही साध्या पाइनचं दार आहे.

आता पट्ट्यांचं. सांध्याला पातळ, मऊ, न गंजणारा पत्रा लागतो. आमच्याकडचे सगळे सुतार त्यासाठी छापखान्याच्या अॅल्युमिनियमच्या प्लेटा वापरतात. राजधानी अक्राच्या वर्तमानपत्रांचं छापून झालं की प्लेटा भंगारात जातात आणि तिथून गठ्ठ्यांनी मानकेसिमच्या बाजारात येतात. त्यांच्यावर सगळं पान जसंच्या तसं असतं. फुटबॉल, निवडणूक, साबणाची जाहिरात. पण सगळ्यात जास्त येतात ती मेलेली माणसं, कारण आमच्याकडे माणूस जिवंतपणी कुठे छापून येवो न येवो, मेल्यावर त्याचा हसरा फोटो आणि मुलानातवंडांची यादी छापून यायलाच हवी.

तरुणपणी कोबिनाने एकदा शाळामास्तरांच्या घरावर अशीच एक प्लेट छापील बाजू वर करून बसवली. दुसऱ्या दिवशी मास्तरीणबाईंनी माडीची खिडकी उघडली, तर एक अनोळखी मयत बाई पत्र्यावरून त्यांच्याकडे बघून हसतेय. मास्तरीणबाईंनी जो टाहो फोडला तो बाजारापर्यंत ऐकू गेला. पाद्री येऊन प्रार्थना म्हणेपर्यंत त्या घरात पाऊल टाकायला तयार नव्हत्या. तेव्हापासून कोबिनाने नियम केला. प्लेट हातात आली की न बघता पालथी करायची. मेलेल्याच्या तोंडावर हातोडा उगारायचा नाही. पाठीवर मारायचा. गाव त्याला मास्टर म्हणायचं आणि हसायचं. "मास्टर, तुझ्या छपरांखाली जिवंत कमी आणि मेलेले जास्त," असं आईच्या शेजारची बेसिवा मासे तळता तळता म्हणायची. तोही हसायचा, पण नियम त्याने मोडला नाही.

एका गोष्टीवर मात्र तो हसायचा नाही. आमच्याकडे माणसाचं कूळ आईकडून येतं. घर, शेत, मामा, सगळं आईचं. पण आसाफो कंपनी, म्हणजे जुन्या लढवय्यांचं पथक, बापाकडून मिळते. सणाच्या दिवशी कंपन्या आपापले झेंडे नाचवत निघतात, तेव्हा मुलगा बापाच्या झेंड्याखाली चालतो आणि मेल्यावर त्याला खांदाही तीच कंपनी देते. कोबिनाला कंपनी नव्हती, कारण त्याला बापच ठाऊक नव्हता. आईने एवढंच सांगितलं होतं की बाप मासेमारीला दूर अबिजानकडे गेला आणि बारशाआधीच बुडाला. नाव काय होतं? "बुडालेल्याचं नाव घेऊ नये." दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मक्याचं पीठ ढवळायचा दांडा पाठीत बसला. मामाने स्वतःचं नाव दिलं, म्हणून तो आन्सा. सणाला तो रस्त्याच्या कडेला उभा राहून झेंडे बघायचा. कुणीतरी टवाळ हटकून विचारायचाच, "मास्टर, तू कुठल्या झेंड्याखाली?" साठी उलटल्यावर हा प्रश्न त्याला जास्तच बोचायला लागला होता. आपल्याला उचलणार कोण, हे माणसाला कळायला नको?

तर त्या गुरुवारी तो आईच्या पलंगावरची गळती काढायला चढला होता. त्याने डोळे उघडले आणि धीर करून पट्टी पुन्हा उचलली. इंग्रजी वाचायला त्याला वेळ लागायचा. बोट फिरवत एकेक अक्षर लावत गेला. नाव क्वामिना ओतू. वय शहात्तर. मोटारमालक. राहणार मानकेसिम. साल २००६.

मानकेसिम! अबिजान नव्हे, समुद्राचा तळ नव्हे. ट्रोट्रोच्या मिनीबसमध्ये बसलं की अर्ध्या तासात माणूस तिथे उतरतो. दर वर्षी याच प्लेटा आणायला तो त्याच बाजारात जात होता. कुणास ठाऊक, या माणसाच्या गाडीत बसूनही आला असेल, सुट्ट्यासाठी त्याच्याशी भांडलाही असेल.

त्याच्या मनात आलं, तोंडासारखं तोंड असतं माणसाचं. एवढ्यावरून काय? मग बोट मुलांच्या यादीवर आलं. एक लंडनला, दोन अक्रात, एक नर्स, एक पाद्री. असं करत आठ नावं झाली. नववं होतं: कोबिना ओतू, सुतार, सॉल्टपाँड.

त्याने ते तीनदा वाचलं. एकसष्ट वर्षांत त्याच्या नावापुढे बापाचं नाव लागलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. ते एकोणीस वर्षांपूर्वी साऱ्या देशाने वाचलं होतं, आणि ती प्लेट स्वतःच्या हातात आली तेव्हा त्याने ती न बघता पालथी केली होती. तो नियमाचा माणूस ना! खिळे पाठीकडून मारले की चेहऱ्यात जात नाहीत, असं त्याला वाटायचं की काय देव जाणे. एक खिळा सरळ त्या माणसाच्या गालातून आरपार गेला होता. तोच गंजला होता, त्याचंच भोक मोठं झालं होतं, आणि आईच्या उशीवर ठिबकत होतं ते पाणी तिथूनच येत होतं.

कोबिनाने उरलेले खिळे उपटले, पट्टी खाचेतून ओढून काढली आणि काखेत मारून खाली उतरला.

मामे एकुआ, म्हणजे कोबिनाची आई, पडवीत बसून मक्याच्या पिठाचा डोकोनो बांधायला केळीची पानं पुसत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पण हात थांबत नव्हते. "झालं?" तिने विचारलं.

कोबिनाने प्लेट तिच्या मांडीवर ठेवली. तिला वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही पडली नाही. पान तिच्या हातातून गळून पडलं.

"हे कुठलं?"

"तुझ्या छपरातलं."

"माझ्या..." तिने वर बघितलं, मग प्लेटकडे, मग पुन्हा वर. "माझ्या पलंगावरचं?"

"बरोबर पलंगावरचं."

"एकोणीस वर्षं हा माणूस माझ्या डोक्यावर पडून होता?" म्हातारीने दोन्ही हात डोक्यावर घेतले. "मी खाली कपडे बदलत होते, देवाची प्रार्थना करत होते, आणि हा वरून बघत होता? कुणी लावला त्याला तिथे?"

"मीच! मी लावला! मला काय ठाऊक हा कोण?" कोबिना ओरडला. आईसमोर त्याने असा आवाज कधी चढवला नव्हता. "तू सांग, हा कोण? हा बुडाला होता ना?"

कुंपणापलीकडून बेसिवाने मान वर काढली. "काय झालं हो मामे एकुआ? मास्टर, पडलास की काय?"

"तुझे मासे करपतायत," मामे एकुआ म्हणाली. बेसिवाची मान नाहीशी झाली. कान मात्र कुंपणाला लागलेले राहिले असणार, कारण त्या दिवशी तिचे मासे खरंच करपले.

म्हातारी बराच वेळ प्लेटवरून बोट फिरवत राहिली. गालावरच्या भोकापाशी बोट थांबलं.

"बुडाला नाही," ती म्हणाली. "मी बुडवला. तुझ्या आठव्या दिवशी पहाटे तुला मांडीवर घेऊन बसले होते. दोन पेले मांडलेले. एकात पाणी, एकात दारू. बापाने यायचं, जिभेवर थेंब ठेवायचा, नाव सांगायचं. तुझा मामा दारात उभा. उन्हं वर आली तरी हा आला नाही. निरोप आला, की डोकोनो विकणाऱ्या पोरीचं मूल माझं कशावरून? त्या वेळी त्याचं मोठ्या घरात लग्न ठरत होतं. तुझ्या मामाने तो निरोप घेऊन आलेल्या माणसाला ढकलून बाहेर काढलं, स्वतः तुझ्या जिभेवर पाणी ठेवलं आणि आपलं नाव दिलं. मी म्हटलं, माझ्यापुरता हा माणूस बुडाला. पुढे तू विचारलंस, तर तेच सांगितलं. सांगता सांगता मलाही खरं वाटायला लागलं होतं."

"मग हे काय?" कोबिनाने नवव्या नावावर बोट आपटलं. "इथे माझं नाव आहे, आई. ओतू म्हणून आहे."

"असेल. तो मेला तेव्हा दोन माणसं आली होती. सुतकाची लाल-काळी कापडं, दारूची बाटली, सगळं रीतसर. म्हणाली, मरताना त्याने कबूल केलं, मुलाला पाठवा. मी विचारलं, मुलगा आत्ताच कसा आठवला? तर त्यातला एक बावळट म्हणतो, बाकीची आठ मुलं शाळा शिकलेली आहेत, सुतार हाच एक आहे." मामे एकुआच्या आवाजाला धार आली. "ऐकलंस? जिवंतपणी थेंबभर पाणी ठेवायला आला नाही. मेल्यावर पेटीसाठी मुलगा आठवला!"

बापाची पेटी मुलांनी द्यायची, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गावातल्या कितीतरी बापांना कोबिनाने पेट्या केल्या होत्या. काहींच्या मुलांनी पैसे द्यायला अजूनही तोंड दाखवलं नव्हतं, आणि तो त्यांना चारचौघांत नावं ठेवायचा. आणि स्वतःच्या बापाला त्याने एक फळी दिली नव्हती.

"मला सांगितलं का नाहीस? एकदा बघितलं तरी असतं."

"मेलेल्याला?"

"मेलेल्याला तर मेलेल्याला! मी दर वर्षी जातो त्या गावात. दर वर्षी, आई! मला लोक विचारतात कुठल्या झेंड्याखाली, आणि मी खाली मान घालतो. तुला ठाऊक होतं. तू गप्प बसलीस." त्याने फोटोवर बोट ठेवलं. "तो मला नाकारून बसला होता. तू तर माझी होतीस."

हे तिला लागलं. म्हातारीने पदराने डोळे नाही पुसले. तिने ते तसेच वाहू दिले.

"तू गेला असतास," ती म्हणाली. "शेवटच्या रांगेत उभा राहिला असतास आणि त्यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला असता की विरघळला असतास. असा भोळा आहेस तू. ते मला बघवलं नसतं. माझी चूक असेल. रोज वाटायचं सांगावं, आणि रोज वाटायचं उद्या. झेंडा कुठला ते मला ठाऊक नाही. मानकेसिमला जा आणि विचार. नाव छापलंय, आता नाही म्हणायची त्यांची छाती नाही." मग तिने नाक ओढलं. "पण मी त्याला तुझ्याकडून रिकामा नाही पाठवला."

"म्हणजे?"

"ओडुमच्या फळ्या कुणासाठी गेल्या तुझ्या?"

कोबिनाने प्लेटवरचं साल पुन्हा वाचलं.

पेटी केली तोही पावसाळ्याआधीचाच महिना होता. आई जन्मात कधी त्याच्या कामाच्या शेडमध्ये आली नव्हती, ती तेव्हा चार दिवस रोज येऊन स्टुलावर बसली होती. फळी पुन्हा रंध म्हणाली होती. सांधा पुन्हा बसव म्हणाली होती. कोण हा म्हातारा, त्याच्यासाठी एवढा सोस कशाला, म्हणून तो वैतागला होता. माप घ्यायला तिने एक दोरी आणली होती, आणि त्या दोरीवरून पेटी केल्यावर तो हसून म्हणालाही होता, "आई, हा तुझा म्हातारा माझ्याच उंचीचा दिसतो." तेव्हा ती उठून बाहेर गेली होती. आणि शेवटच्या दिवशी तिने एक विचित्र गोष्ट करायला लावली होती. करणाऱ्याचं नाव पेटीवर कुणी घालतं का? घातलंच तर खाली कोपऱ्यात, पेन्सिलीने. हिने झाकणाच्या आतून कोरायला लावलं, पटाशीने, बोटाएवढ्या अक्षरांत, डोक्याच्या बाजूला. का, म्हणून त्याने विचारलं होतं. "मी सांगते म्हणून," एवढंच उत्तर मिळालं होतं.

"झाकणावर काय कोरलं होतंस?" मामे एकुआने आता विचारलं.

"कोबिना आन्सा."

"आन्सा. त्याने टाकलेलं पोर, माझ्या भावाने दिलेलं नाव. बरोबर त्याच्या तोंडासमोर." तिने खाली पडलेलं केळीचं पान उचललं आणि पुसायला घेतलं. "त्या पेटीत त्याला दुसरं काही वाचायला नाही. एकोणीस वर्षं तेच वाचतोय."

मग समुद्राकडून गार वारा सुटला, बेसिवा वाळत घातलेले मासे गोळा करायला धावली, आणि कोबिनाला आठवलं की आईच्या पलंगावरचा सांधा अजून उघडा आहे. त्याने बापाची प्लेट गुंडाळून हत्यारांच्या पेटीत ठेवली. गठ्ठ्यातली नवी प्लेट काढली, पालथी करायला हात वळवला आणि थांबला. तो ती नीट उजेडात धरून वरपासून खालपर्यंत वाचत बसला. सिमेंटची जाहिरात होती. तरी त्याने शेवटची ओळही वाचली, आणि मगच शिडी चढला.